तांब्याची आण

उंबरधारच्या बाया पाण्याची परीक्षा तुरीच्या डाळीवर करतात. पाणी कितीही नितळ दिसो, त्यात डाळ गळली नाही, म्हणजे शिजून मऊ झाली नाही, तर ते त्यांच्या लेखी बिनकामाचं. लोणारच्या आसपास असं बिनकामाचं पाणी रगड. सरोवर तर खारट आहेच, पण भोवतालचे बोअरही जड पाण्याचे. सकाळपासून चूल फुंकत बसा, दाणा आपला दाणाच राहतो. उंबरधारच्या विहिरीचं पाणी मात्र गोडं. त्यात डाळ टाकली की एका दमात गळते. या गावचे लोक सोयरीक जुळवताना आधी विहिरीचं सांगत आणि मग पोराच्या शिक्षणाचं, आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असं नाही.

म्हणूनच एप्रिलातल्या एका सकाळी हॉटेलच्या स्वयंपाकघरात आशाबाईनं पातेल्यावरचं झाकण काढलं आणि खायच्या सोड्याची चिमूट तिच्या बोटांतच राहिली. हॉटेलातल्या टँकरच्या जड पाण्याला रोज सोडा लागायचा, आज डाळ सोड्याशिवायच गळून गेली होती.

हे हॉटेल म्हणजे लोणार रस्त्यावरचं नवं रिसॉर्ट. पाटीवरचं नाव इंग्रजी आणि इतकं लांबलचक, की गावानं ते वाचायचा नाद केव्हाच सोडला होता. सगळे ‘हाटेल’च म्हणत. सरोवर बघायला येणारी पुण्या-मुंबईची माणसं तिथं उतरत. खोल्यांना बाहेरून शेणामातीचा रंग, आणि आत न्हाणीघरात माणूस आडवा होऊन लोळेल एवढा टब. मधोमध निळ्या फरशीचा पोहायचा तलाव, भोवती हिरवळ, हिरवळीवर भर उन्हाचे फिरणारे फवारे. एका कोपऱ्यात विहीरसुद्धा होती. खरी नव्हे. कमरेएवढा कठडा, वर रहाट आणि आत प्लास्टिकची टाकी. पाहुण्या बाया डोक्यावर पदर घेऊन तिथं घागर ओढायच्या, फोटो काढायच्या आणि घागर तिथंच हिरवळीवर पालथी करायच्या. आशाबाईचं काम चुलीवर भाकरी थापायचं आणि वरण-ठेचा करायचं. पण कुणी बोलावलं तर रहाटाजवळ उभं राहून हसावंही लागे. हसणं पगारातच धरलेलं होतं.

ही नोकरी तिला मिळवून दिली गोविंदानं, तिच्या दिरानं. आता तो उंबरधारचा सरपंच. गाव त्याला गोविंदभाऊ म्हणायचं, पण आशाबाई लग्न होऊन आली तेव्हा तो शेंबडं नाक पुसत तिच्या पदरामागं फिरणारा पोर होता, आणि सासूच्या मागे त्याला वाढवलं तिनंच. त्यामुळे तिच्या तोंडी तो गोविंदाच राहिला. तिच्या हातचं वरण खाऊन मोठा झालेल्या या माणसाला तिला स्वयंपाकघरात उभं करताना डाळीची आठवण झाली नाही, याचंच पुढे तिला फार नवल वाटलं.

हॉटेलचा मॅनेजर शिवम हे संभाजीनगरकडचं सरळ पोरगं होतं. आशाबाईनं त्याला विचारलं, सुलतानपूरकडून टँकर यायचा तो बदलला का.

“टँकर बंदच केला, मावशी,” तो खुशीत म्हणाला. “आपले स्वतःचे बोअर आहेत ना. आधी नुसते तलावाला आणि हिरवळीला होते, आजपासून किचनलाही. मागच्या प्लॉटवर लागलेत, जबरदस्त पाणी आहे. तुमच्या सरपंचांनीच जागा दिली की. तुम्हाला माहीत नाही?”

“माईत हाय,” आशाबाई म्हणाली. घरातली गोष्ट परक्याकडून कळते आहे, हे परक्याला कशाला कळू द्यायचं?

पण ऐकलेलं तिला पटेना. कारण उंबरधारमध्ये नवा बोअर मारायचा नव्हता. तशी आण घेतली होती साऱ्या गावानं, आणि घ्यायला लावली होती गोविंदानंच.

काही वर्षांमागे विहिरीनं तळ दाखवला आणि गाव टँकरची वाट बघत बसलं, तेव्हा हा नुकता कॉलेज संपवून आलेला होता, अंगात वारं भरलेलं. टिकाव-फावडं घेऊन तो एकटाच टेकडीवर, पावसाचं पाणी मुरावं म्हणून, चर खणायला निघाला. सुरुवातीला त्याच्यामागे दोनच बाया होत्या: आशाबाई, आणि बुद्धविहाराजवळ राहणारी भिमाबाई. लोकांनी यथेच्छ टिंगल केली. मग लाजेनं म्हणा की पटून म्हणा, एकेक घर निघालं. ज्या वस्त्या एरवी एका पंगतीला बसत नव्हत्या त्यांनी एकाच चरात घाम गाळला. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीला पाणी टिकलं. पण विहिरीला पाणी देणाऱ्या जमिनीखालच्या झऱ्यावर कुणी बोअर मारले तर सगळे कष्ट मातीत जातील हे उघड होतं. म्हणून महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा विहिरीपाशी भरली. दर घरानं आपल्या घरातलं तांब्याभर पाणी आणून विहिरीत ओतलं आणि कठड्यावर हात ठेवून शब्द दिला: या झऱ्यावर बोअर मारणार नाही, दुसऱ्याला मारू देणार नाही, आणि असलेला चालवणार नाही. आपलं पाणी साऱ्यांच्या पाण्यात मिसळलं, आता ते वेगळं काढता येत नाही, अशी त्यातली भावना. तेव्हापासून दरसाल हे होत आलं. गाव त्याला नुसतं ‘तांब्या’ म्हणतं.

असलेला बोअर चालवायचा नाही, हे कलम आशाबाईसाठी होतं. झऱ्यावर बोअर तिचाच होता. त्याच्या जिवावर तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, पंजाबरावांनी, लिंबाची बाग धरली होती. लेकीचं, छकुलीचं, लग्न त्या लिंबांवर झालं. तांब्याच्या आदल्या दिवशी गोविंदा तिच्या चुलीपाशी येऊन बसला आणि म्हणाला, “वैनी, घरापासून सुरुवात झाली त गाव आयकंल.” तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग हो म्हणाली. मोटार वर काढली, आणि बोअरच्या तोंडावर सासूच्या जुन्या जात्याची तळी, खालचा जड दगड, ठेवून गोविंदानं स्वतःच्या हातांनी कडेला सिमेंट लिंपलं. तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खोटं नव्हतं. आशाबाई आजही तसंच म्हणेल. तेच तर तिला खुपत होतं. माणूस मुळात खोटा असता तर एवढं लागलं नसतं.

बाग हळूहळू वाळली. बांधाकडची थोडी झाडं तेवढी तिनं जगवली, भांडी विसळलेल्या पाण्यावर. हॉटेलातून घरी आली की ती धुणंभांड्याचं पाणी बादलीत धरून त्या झाडांना नेऊन घालायची. बोअर उघडायचा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता असं नाही. शिवायचा, आणि ती त्याला हाकलून लावायची.

दुपारी पाहुण्यांची जेवणं उरकल्यावर ती हॉटेलच्या मागच्या दारानं बाहेर पडली. कुंपणापलीकडे तिच्याच घराचं खालचं वावर होतं. वाटणीच्या वेळी पंजाबरावांना ते रस्त्याकाठचं वावर सोडवत नव्हतं. गोविंदा धाकटा आहे, त्याला द्या, म्हणून हट्ट धरला तो हिनंच. आता तिथं पत्र्याची शेड उभी होती. शेडमधून निळे पाइप निघून हॉटेलकडे गेले होते आणि आत मोटार घुमत होती. आशाबाईनं पाइपावर तळहात ठेवला. पाइप गार होता. तिथून वर बघितलं की उतारावर जमिनीखालच्या ओलीवर वाढणारी शिंदीची झाडं ओळीनं दिसत, आणि ओळीच्या टोकाला विहिरीवरचा उंबर. झरा कुठून कुठं वाहतो हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नव्हता.

तिला आधी राग आला नाही. आधी लाज वाटली. चोरी आपणच केली आणि आपणच पकडलो गेलो, अशी लाज. घर एकच ना.

घरी आली तेव्हा पंजाबराव जेवायला बसले होते. तिनं भाकरी वाढता वाढता सगळं सांगितलं. खालच्या वावरात बोअर आहेत, आपल्याच झऱ्यावर आहेत, ते पाणी त्या टबांत आणि हिरवळीवर चाललंय. पंजाबरावांनी घास गिळला.

“मले माईत हाय,” ते म्हणाले.

“कवापासून?”

“होळीच्या आधीपासून.”

“मंग बोलले काऊन नाई?”

“काय बोलू? भाऊ हाय माहा. अन् तुही नोकरी बी त्यानंच लावली ना? घरातली गोष्ट घरात राहू दे.”

पंजाबराव वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त शांतता हवी असायची, आणि ती दुसऱ्याच्या खर्चानं मिळत असली तर त्याची ना नसायची. आशाबाई त्याच्याकडे बघत राहिली. होळीपासून हा माणूस ओट्यावर बसून तिला रोज खरकट्या पाण्याची बादली घेऊन बागेत जाताना बघत होता. “आज ऊन लई हाय,” असंसुद्धा म्हणाला होता एकदा. तिनं पुढची भाकरी तव्यावरच ठेवली आणि उठून गेली. ती करपली, तरी कुणी उतरवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोविंदाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तो चहा पीत होता. “ये वैनी,” म्हणाला, बायकोला आणखी कप आणायला सांगितला.

“गोविंदा, हाटेलात डाळ गळाली,” आशाबाई म्हणाली.

त्याला दुसरं काही सांगावं लागलं नाही. कप त्यानं खाली ठेवला, आणि मग जे सुरू केलं ते थांबेना. गावच्या पोरांना काम लागलंय, उद्या रस्ता होईल, पाहुणे येतील तर गाव पुढं जाईल. हे बोअर फार खोल आहेत, खालचं पाणी वेगळं आणि विहिरीचं वेगळं, शास्त्रच आहे तसं. आशाबाई ऐकत होती. हीच जीभ एकेकाळी टेकडीवर उभी राहून नेमकं उलटं सांगायची, आणि तेव्हाही शास्त्रच असायचं.

शेवटी त्यानं आवाज उतरवला. “तू बी तुहा बोअर उघडून टाक ना, वैनी. मीच मोटार बसवून देतो. तुही लिंबं मरून राह्यली, मले काय दिसत नाई?”

खोटं कशाला बोला, आशाबाईचा जीव त्या क्षणी बागेत गेला. पानं पुन्हा हिरवी झालेली तिला दिसली. ती म्हणाली, “अन् तांब्याचं काय?”

गोविंदा हसला. “तांब्या लोकायसाठी असते, वैनी.”

ती चहा न घेता निघाली. लोकांसाठी असतो म्हणे. लोकांत पहिलं नाव तिचंच होतं, तिच्याच बोअरवर त्यानं पहिलं सिमेंट लिंपलं होतं. जो पोर भूक लागली की आधी तिचा पदर ओढायचा, त्यानं तिला लोकांत जमा केलं होतं, आणि तेही फसवायच्या लोकांत. रस्त्यानं जाताना ती रडली, आणि समोरून कोण येतंय हेही तिनं पाहिलं नाही.

महाराष्ट्र दिन आला. शाळेत झेंडा झाला आणि गाव विहिरीपाशी जमलं. विहिरीत खाली चिखलात थोडं पाणी चकाकत होतं. घागर बुडायची नाही एवढंच. उंबराच्या सावलीत खुर्च्या, माईक, आणि ज्याच्या त्याच्या हातात तांब्या. पहिला तांब्या सरपंचाच्या घराचा, आणि तो वडीलकीच्या मानानं आशाबाईनं ओतायचा अशी रीत पडून गेली होती. ती कठड्यापाशी गेली. तिनं पाणी ओतलं नाही. तांब्या भिमाबाईपुढं धरला.

“भिमाबाई, एक घोट घे.”

भिमाबाईनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि घोट घेतला. जिभेवर घोळवला. “आपलंच पानी हाय,” ती म्हणाली. “पन विहिरीत त घागर बुडत नाई. तू कुठून भरलं?”

“हाटेलातल्या खोट्या विहिरीतून.”

मग आशाबाईनं सगळं सांगितलं. माईक घेतला नाही, लागलाही नाही. डाळीपासून ते पत्र्याच्या शेडपर्यंत, काही लपवलं नाही. वावर कुणाचं, कुणाच्या सांगण्यावरून त्याला मिळालं, हेही सांगितलं. घरचीच अब्रू ती वेशीवर टांगत होती आणि तिला ते कळत होतं. तिला वाटलं होतं, आता गाव पेटेल.

गाव पेटलं नाही. बाप्ये आपापल्या चपलांकडे बघू लागले. कुणाचा पोरगा त्या हिरवळीवर माळी होता, कुणाचं दूध तिथं जात होतं, कुणाच्या ट्रॅक्टरनं शेडची रेती टाकली होती. बायांनी एकमेकींकडे बघितलं आणि मग आपापल्या नवऱ्यांकडे. आशाबाईच्या लक्षात आलं, की होळीपासून गप्प बसलेला एकटा पंजाबराव नव्हता. पाणी कुठं जातंय हे अर्ध्या गावाला ठाऊक होतं, आणि तांब्या घेऊन सगळे आले होते.

गोविंदानं माईक उचलला. त्याचा आवाज मऊ होता. वैनी दमली आहे, म्हणाला. तिची बाग गेली, त्याचं दुःख सगळ्यांनाच आहे. तिचा बोअर उघडायचा असेल तर माझी ना नाही, मी तिला घरी तसं सांगितलंही आहे. म्हणजे एका दमात त्यानं सगळ्या गावाला सांगून टाकलं, की हे पाण्यासाठी नाही, हिला आपला बोअर हवा आहे म्हणून चाललंय.  हे त्यानं करावं? टेकडीवर दिवसभर खणून त्याच्या हातांना फोड आले, तेव्हा ते हात तुपानं चोळून दिले होते आशाबाईनं.

बोलली ती भिमाबाई. “मंग उघडू ना. आत्ताच उघडू. आमच्या बापजाद्यायले पानवठ्यावर उभं रायचा हक्क भांडून भेटला, म्हनून आमी इथं शब्द देला अन् पाळला. तुमच्या लेखी तांब्या खोटा असन, त एकट्या आशानंच काऊन पाळावा?” तिनं आपला तांब्या कठड्यावर पालथा ठेवला. एकेक करून बायांनी तसंच केलं. “आमी मोकळं केलं तुले त्या शब्दातून. आन पहार.”

बाया निघाल्या तसे बाप्येही मागे आले; न येऊन सांगतात कुणाला. वाळक्या बागेतून सगळे बोअरपाशी पोचले. भिमाबाईनं सिमेंटवर पहार घातली.  आण सुटल्याचं आशाबाईला दुःख व्हायला हवं होतं, पण तिला आशाच वाटत होती आणि तिची तिला चोरी वाटत होती. तिनं मनात ठरवूनही टाकलं: मोटार बसली की आधी पाइप विहिरीला जोडायचा, गावाचे हंडे भरायचे, मग उरेल ते लिंबांना. हे पाणी तिनं इतकी वर्षं गावासाठी झाकून ठेवलं होतं. निदान ते तरी होतं.

तळी बाजूला सरकली. आशाबाईनं एक खडा उचलला आणि आत सोडला.

सगळे वाकून ऐकत होते. खडा कडेला आपटत, खडखडत खाली गेला, बराच वेळ गेला, आणि शेवटी दगडावर दगड वाजला. तिनं दुसरा सोडला. तोही तसाच वाजला. भिमाबाईनं मोठा धोंडा टाकून बघितला. पाण्याचा आवाज आलाच नाही. झाकण जागच्या जागी होतं, सिमेंट शाबूत होतं, आणि हॉटेलच्या बोअरांनी खालच्या खाली सगळं ओढून नेलं होतं.

आशाबाईनं मान वर केली. पंजाबराव वाकलेले होते, बाप्ये वाकलेले होते, पोरीबाळी वाकलेल्या होत्या. एकटा गोविंदा बांधापाशी सरळ उभा होता. तो ऐकायला पुढं आलाच नव्हता.

ती उठून त्याच्यापाशी गेली.

“तुले माईत होतं,” ती म्हणाली. “यात पानी नाई हे तुले माईत होतं. तरी उघड म्हनला तू मले.”

गोविंदा हॉटेलच्या दिशेला बघत होता. तो बोलला, तेव्हा त्याच्या आवाजात भाषण नव्हतं.

“मले वाटलं, तू उघडनारच नाई,” तो म्हणाला. “तू शब्द मोडनारी नाई, हे मले पक्कं माईत होतं, वैनी.”

आशाबाईला त्याच्या डोळ्यांत पुन्हा पाणी दिसलं. या वेळी तिनं ते खरं की खोटं हे पाहायचे कष्ट घेतले नाहीत. तिचा शब्दच त्यानं आडोशाला घेतला होता, सिमेंटपेक्षा पक्का समजून. तिला एवढं चांगलं ओळखणारं माणूस दुसरं नव्हतं.

ती परत बोअरपाशी आली. लोक पांगायला लागले होते. तिनं भिमाबाईला हात लावायला सांगितलं आणि दोघींनी मिळून तळी पुन्हा तोंडावर ओढली, कारण उघडा बोअर ठेवायचा नसतो, एखादं लेकरू जाईल आत. तळी जड होती. गोविंदा पुढं आला आणि त्यानं एका बाजूनं हात घातला. आशाबाईनं त्याचा हात बाजूला सारला.